न हलणारा नंबर

धाकटीने टेबलाजवळ गुडघे टेकले आणि राउटरच्या डबीमागची वायर दाबून पाहिली. वायर घट्ट होती, पण लाल दिवा लुकलुकायचा थांबेना. तिने वायर काढली, तिच्या टोकावर फुंकर मारली आणि परत खोचली. फुंकरीने काही होत नाही हे तिला ठाऊक होतं, पण माणूस अशा वेळी फुंकर मारतोच. एवढं सगळं करताना तिने डबी जागची तसूभरही हलू दिली नव्हती. टेबलाच्या लाकडावर डबीभोवती पांढऱ्या खडूची चौकट आखलेली होती आणि डबी तिच्यात रेघेला रेघ लावून बसली होती.

खिडकीबाहेर परांचीवर दोन रंगारी उकिडवे बसून चहा पीत होते. इमारतीला बाहेरून रंग चालला होता आणि आज पहिल्या मजल्याची, म्हणजे या खिडकीची पाळी होती.

“अहो, इथून एक काळी वायर जात होती,” ती म्हणाली.

“हो, होती ना,” त्यातला वयस्कर रंगारी म्हणाला. “मध्ये येत होती. बाजूला केली.”

“कुठे बाजूला केली?”

त्याने कप खाली ठेवून वायरीचं एक टोक उचलून दाखवलं. दुसरं टोक त्याच्या सोबत्याने दाखवलं. दोन्ही टोकांच्या मध्ये चांगलं हातभर अंतर होतं.

ती रागावली नाही. रागवायलाही अंगात त्राण लागतं आणि तिचं त्राण सकाळीच खर्ची पडलेलं होतं. सासूबाईंच्या गोळ्या, मुलांचे डबे, नवऱ्याची रोज हरवणारी किल्ली, मग दोन बस, आणि दुसऱ्या बसमध्ये उभ्याने प्रवास. तिने इंटरनेट कंपनीला फोन करून तक्रार नोंदवली. माणूस लगेच पाठवतो, असं पलीकडच्या आवाजाने सांगितलं. लगेच म्हणजे दुपार, हे तिने मनातल्या मनात भाषांतर करून घेतलं. मग ऑफिसला फोन लावला.

“मोबाइलचं नेट लावून बघा ना,” सुपरवायझर बाई म्हणाल्या. “रिपोर्ट साचलेत हो.”

“मोबाइलवरून तुमचं दार उघडत नाही, मॅडम.”

“अरे हो. तुमचा तो नंबर आहे, नाही का.”

तो नंबर म्हणजे स्टॅटिक आयपी. एरवी घराघरांतल्या इंटरनेटलाही कंपनी नंबर देतेच, पण तो भाड्याच्या सायकलीसारखा असतो. आज ही मिळाली, डबी बंद करून चालू केली की कदाचित दुसरीच. सिनेमे बघायला, बिलं भरायला, भावजयीशी व्हिडिओवर बोलायला तेवढं पुरतं. तिथे रोजच्या रोज नंबर बदलला तरी कुणाचं काही अडत नाही. अडतं ते समोरचा नुसत्या नंबरावरून माणूस ओळखणार असेल तेव्हा. धाकटीचं काम त्यातलं होतं. निरनिराळ्या दवाखान्यांतले डॉक्टर रुग्णांची माहिती बोलून रेकॉर्ड करत आणि ती हेडफोनवर ऐकून टाइप करत असे. लोकांच्या पोटातली दुखणी ती. ऐऱ्यागैऱ्याच्या हाती लागून कशी चालतील? म्हणून ऑफिसच्या यंत्रणेने ओळखीच्या नंबरांनाच आत घ्यायचं ठरवलं होतं. नंबर ओळखीचा असला तर दार उघडणार, नाही तर खुद्द मालक आला तरी बाहेर तिष्ठत बसणार. धाकटीचा ओळखीचा नंबर या खोलीतल्या डबीवर होता, तिच्या वडिलांच्या घरात.

वडील कपडे बेतायचे. शिवणारे पुष्कळ असतात, पण कापडावर कात्री चालवायची ती मास्तरांनीच, असा त्यांचा दबदबा होता. मग एके दिवशी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. दादाचं घर मोठं होतं, तिथे लिफ्ट होती. वहिनी आपणहून म्हणाली, “बाबांना आमच्याकडे आणा. ताईंनीही आमच्याकडूनच काम करावं, एक खोली देते त्यांना.” सगळे गेल्यावर वडिलांनी डाव्या हाताने धाकटीचं मनगट धरलं.

“मला इथून हलवू नकोस,” ते म्हणाले. जिभेला तेवढं वाक्य जुळवायलाही वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी धाकटीने दादाला सांगितलं, की तिचा नंबर या घरातला आहे, तो हलत नाही, आणि नंबराशिवाय तिचं काम नाही. दादाने नुसती मान डोलावली. पुढे त्याने नातेवाइकांनाही मोठ्या अधिकाराने समजावलं, की स्टॅटिक म्हणजे स्थिर, तेव्हा तो हलायचा प्रश्नच येत नाही. ते इतकं सरळ वाटलं, की कुणी उलटून विचारलंच नाही. वडिलांनी मात्र ते फारच मनावर घेतलं. डबीच हलली तर नंबर पडेल की काय, अशी धास्ती त्यांना बसली. त्यांनी ट्रंकेतला बेतायचा खडू मागून घेतला आणि डाव्या हाताने डबीभोवती चौकट आखली. पहिली वाकडी आली, ती पुसायला लावली आणि दुसरी आखली. तेव्हापासून वहिनी कधी आली तर केरसुणीसुद्धा त्या टेबलाला वळसा घालून फिरवायची. धाकटीला स्क्रीन जरा तिरकी करायची असायची, कारण तिचा उजेड वडिलांच्या उशीवर पडे. पण टेबलाचा तो कोपरा डबीने अडवलेला. मग ती खुर्चीच्या पाठीवर ओढणी टाकून आडोसा करायची.

शेवटचे काही महिने ती रात्रीही इथेच असायची. वडील जाऊन आता वर्ष होत आलं होतं. ओढणी घरी गेली, औषधं गेली, पाण्याची गादी कुणाला तरी देऊन टाकली. धाकटी मात्र अजून दोन बस बदलून रोज इथे येत होती, कारण नंबर हलत नव्हता.

तो हलतो हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कंपनीला कळवलं की ते तोच नंबर दुसऱ्या घरातल्या लाइनला जोडून देतात. पण तिच्या घरी तिच्यासाठी टेबल ठेवायलाही भिंत उरली नव्हती. सासूबाईंचा टीव्ही, मुलांची भांडणं, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी दारात उभं राहून विचारणार, की अमुक कुठे ठेवलंय. इथे कुणी काही विचारत नसे. एखाद्या दिवशी काम लवकर आटपलं तर ती हेडफोन न काढता, काही न ऐकता, तशीच बसून राही. आपण असं करतो याची तिला लाज वाटे आणि तरी सकाळी बसमध्ये चढताना त्याच बसण्याची ओढ लागलेली असे. वहिनी आता दादाच्या मागे लागली होती, की रिकामं घर किती दिवस ठेवायचं, भाड्याने देऊ या. गाडी दर वेळी नंबरापाशी येऊन अडे. तरी आज दादा कुणाला तरी घेऊन येणार होता. “बघून जातील फक्त,” तो फोनवर म्हणाला होता, “पुढचं पुढे.”

वायरवाला आला तो दुपारचं ऊन खिडकीत आल्यावर. पन्नाशीचा जाडजूड माणूस, एकच जिना चढून धापा टाकत होता. त्याने आधी पाणी मागितलं, मग खिडकीबाहेर वाकून रंगाऱ्यांची टोकं पाहिली.

“जोड देऊन भागायचं नाही,” तो म्हणाला. “नवीन वायर ओढतो.”

रंगाऱ्यांनी आपणहून वायर धरायला मदत केली आणि अपराध फेडून टाकला. मग वायरवाला टेबलाशी आला आणि त्याने सरळ डबी उचलली. धाकटीचा हात आपोआप पुढे झाला.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही. करा तुम्ही.”

“हे काय आखलंय?”

“वडिलांनी आखलंय. डबी हलू नये म्हणून.”

वायरवाल्याने मान डोलावली. घरोघर फिरणारा माणूस तो, याहून नवलाच्या गोष्टी त्याने पाहिल्या असणार. तो जमिनीवर फतकल मारून बसला आणि वायरीच्या टोकाला बसवायची क्लिप दातांत पकडून वायर सोलू लागला.

तेवढ्यात दादा आला. त्याच्यामागे पदराने घाम टिपत एक चाळिशीच्या बाई आल्या. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं हे दादाने आधीच सांगून ठेवलं होतं. दादाचे डोळे नेहमीसारखे लाल होते. तो मालवाहतुकीच्या कचेरीत होता. कुठे ना कुठे त्याचा एखादा ट्रक बंद पडलेला असे आणि त्याचा फोन कधी गप्प बसत नसे. त्याने तो खिशातून काढून टेबलावर पालथा ठेवला, जणू थोडा वेळ त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

चष्मेवाल्या बाईंनी स्वयंपाकघर बघितलं, नळ सोडून बघितला, खिडकीची कडी लावून बघितली. मग त्या पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला बसवलेल्या स्टीलच्या दांड्यापाशी थांबल्या.

“हा कशाला?”

“वडिलांसाठी बसवला होता,” दादा म्हणाला. “काढून देऊ, भिंत नीट करून देऊ.”

“नको, काढू नका.”

बाईंनी दांडा धरला. उजवा पाय जरा मागे ओढत, खांदा भिंतीला टेकवत त्या बाथरूमपर्यंत चालत गेल्या. दाराशी उंबरा आहे का ते पायाने चाचपलं. तो वडिलांसाठी फोडून टाकलेला होता. धाकटीने मान वळवली. ती चाल तिच्या फार ओळखीची होती.

“आई अशी चालते माझी,” बाई परत साधं चालत येत म्हणाल्या. “खूप घरं पाहिली. कुठे बाथरूमचं दार अरुंद, कुठे पायरी. दोनदा पडलीय ती. एकच जिना आहे इथे, खुर्चीत बसवून एकदा वर आणू. मग तिला कुठे खाली जायचंय.”

दादाने घसा साफ केला.

“घर द्यायला हरकत नाही,” तो सवयीने पाठ झालेल्या आवाजात म्हणाला, “पण एक अडचण आहे. ही माझी धाकटी बहीण, हिचं काम इथून चालतं. स्टॅटिक आयपी आहे हिचा. स्टॅटिक म्हणजे स्थिर. तो काही हलत नाही.”

“हलतो की,” बाई म्हणाल्या.

धाकटीचे कान गरम झाले. ती कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसू लागली.

“आमच्या दुकानात आहे ना,” बाई भोळेपणाने सांगू लागल्या. “कॅमेरे घरून बघायचे तर नंबर एकच लागतो. रोज बदलला तर घरी बसून दुकान सापडायचं कसं? मागे आम्ही दुकान दुसऱ्या रस्त्यावर नेलं, तर नंबर आला बरोबर. तो आपल्या नावावर असतो, भिंतीत थोडाच असतो.” त्या वायरवाल्याकडे वळल्या. “हो ना हो?”

वायरवाल्याने तोंडातली क्लिप हातात घेतली. धाकटी वाट पाहत राहिली, आता दादा आपल्याकडे बघेल याची.

“आमचा नाही हलत,” दादा म्हणाला. “मी चौकशी केली आहे.”

त्याने धाकटीकडे पाहिलंच नाही. तो वायरवाल्याकडे बघत होता आणि वायरवाला त्याच्याकडे. शेवटी वायरवाला डबीकडे वळला.

“लाइनी-लाइनीवर असतं,” तो पुटपुटला. हे वाक्य त्याला कुठेही उपयोगी पडत असावं.

चष्मेवाल्या बाई दुकानदार होत्या. समोरच्याला द्यायचं नाही हे त्यांना भावाचा आकडा न काढताही कळत असे. त्या पुढे वाद घालत बसल्या नाहीत.

“विचार करून सांगा,” त्या चपला घालताना म्हणाल्या. “मला घाई नाही. आईला आहे, एवढंच.”

थोड्या वेळाने डबीवर हिरवा दिवा लागला. नंबर तोच आहे हे वायरवाल्याने आपल्या मोबाइलवर तपासून दाखवलं आणि आणखी एक पेला पाणी पिऊन तो गेला. जाताना त्याने डबी टेबलावर वाकडीच ठेवली होती, निम्मी चौकटीत, निम्मी बाहेर.

दादा टेबलाशी गेला. त्याने दोन बोटांनी डबी सरकवून चौकटीत बसवली, वाकून कड पाहिली. मग खणात हात घालून, न चाचपडता, खडूचा तुकडा काढला आणि वायरवाल्याच्या हाताने पुसलेली बाजू पुन्हा ओढली.

धाकटी बघत राहिली. ती चौकट तिने कधीच आखली नव्हती. वर्षभर खडूची रेघ तशीच कशी टिकली, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

“तू आखतोस होय ही?”

“पुसत आली की आखतो.”

“कधी येतोस तू?”

“सुटीच्या दिवशी. तू नसतेस तेव्हा.” तो पलंगावर बसला आणि बुटांचे बंद सोडू लागला. “झोपतो जरा. घरी फोन वाजला की तुझ्या वहिनीचीही झोप जाते. इथे वाजला तरी उचलत नाही.”

धाकटीला हसू आलं असतं, पण तिच्या डोक्यात दुसरंच अडकलं होतं.

“चौकशी केली म्हणालास त्यांना. असंच सांगितलंस ना?”

“नाही. केली होती.”

“कधी?”

दादा खडू बोटांत फिरवत राहिला. बोटांची टोकं पांढरी झाली.

“तू म्हणालीस ना, हलत नाही म्हणून. त्याच आठवड्यात.”

“काय म्हणाले ते?”

“दोन दिवसांचं काम आहे म्हणाले. फोन केला तरी पुरे.”

बाहेर रंगाऱ्याने परांचीवर डबा ओढला, त्याचा खरखरीत आवाज आला आणि थांबला.

“मग बोलला का नाहीस?”

“तू बाबांसाठी म्हणतेयस हे कळलं होतं मला,” दादा म्हणाला.

इथेच थांबला असता तरी चाललं असतं. धाकटीने ते मानून घेतलं असतं, कदाचित उठून त्याच्यासाठी चहाही ठेवला असता. पण तो थांबला नाही.

“आणि मला सोयीचं होतं, धाकटे. बाबा इथे, तू इथे. मी आठवड्यातून एकदा यायचं, फळं आणायची, उशाशी बसायचं आणि निघायचं. तुझ्या वहिनीने खोली रिकामी करून ठेवली होती. पडदेसुद्धा लावले होते. मी तिला सांगितलं, नंबर हलत नाही.”

धाकटीला राग आला. सकाळी रंगाऱ्यांवर न आलेला, इतक्या दिवसांत कुणावरच न आलेला, स्वच्छ राग. त्या बस, त्या रात्री, वडिलांना कुशीवर वळवताना कमरेतून निघणारी कळ, आणि स्वतःच्या मुलांचे आजार फोनवरून ऐकणं. एका फोनचं काम होतं आणि तो फोन झालेलाही होता.

“माझी पाठ गेली, दादा,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणू नकोस.”

“बरं.”

तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण खोटं पहिल्यांदा तीच बोलली होती, आणि वडील गेल्यावर वर्षभर ते तिनेच सांभाळलं होतं, तेही स्वतःसाठी. त्याच्यावर ओरडावं तर त्यातली निम्मी वाक्यं आपल्याकडेच वळतील, हे तिला दिसत होतं. तिने पाण्याचा रिकामा पेला उचलला, मोरीत नेला, विसळला आणि पुन्हा विसळला.

ती परत आली तेव्हा दादा वडिलांच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला होता.

“त्या बाईंना नाही म्हणून कळवतो,” तो भिंतीला म्हणाला. “तू बस इथे हवं तितकं. वहिनीला मी बघून घेईन. सांगायचं काय, तर नंबर हलत नाही. मला सवय आहे.”

“झोप आता.”

“पाच मिनिटं.”

तिने खुर्ची ओढली, हेडफोन लावले. ऑफिसचं दार उघडलं. साचलेले रिपोर्ट एकाखाली एक उभे होते. पहिल्यातला डॉक्टर पुढच्या रुग्णाची घाई असल्यासारखा भराभर बोलत होता. वृद्ध स्त्री, बाथरूमला जाताना पाय अडखळून पडली, खुब्याचं हाड मोडलेलं, घरी आधाराची काही सोय नाही. धाकटीने टाइप केलं. असे रिपोर्ट रोज येत आणि ती त्यांच्याकडे न बघता बोटं चालवत असे. आज ‘सोय नाही’ लिहून झाल्यावर तिने आवाज थांबवला आणि भिंतीवरचा दांडा बघितला. मधोमध, जिथे वडील दम खायला थांबत, तिथे त्याची चकाकी गेली होती.

वडिलांना इथून हलायचं नव्हतं, म्हणून हे सगळं सुरू झालं. आता न हलणारी ती होती, आणि एक माणूस होता ज्याला झोपायला चोरून यावं लागत होतं. तिला एकाएकी फार थकवा आला. कामाचा नव्हे; तो तिला ओळखता येत असे. हा एकच वाक्य वर्षानुवर्षं धरून ठेवल्याचा होता.

टेबलावर दादाचा फोन थरथरला. वहिनीचा होता. धाकटीने पलंगाकडे पाहिलं. दादाचा श्वास एकसारखा चालला होता, जरा जास्तच एकसारखा. झोपलेल्याचा श्वास कसा असतो आणि झोपेचं सोंग घेतलेल्याचा कसा, हे तिला या खोलीत बसून बसून पाठ झालं होतं. वडीलही गोळी चुकवायला असंच करायचे. तिने फोन उचलला.

“अहो, आहात कुठे?”

“वहिनी, मी बोलतेय.”

“ताई? हे कुठे आहेत?”

“झोपलाय. दमलाय फार.”

“झोपलेत? तिथे?” वहिनी जरा थांबली. “बरं, झोपू दे. त्या बाई आल्या होत्या का?”

“आल्या होत्या. आवडलं घर त्यांना. त्यांच्या आईला चालता येत नाही नीट. दांडा आहे, उंबरा नाही, त्यांना हवं तसं आहे सगळं.”

“मग काय उपयोग,” वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता कंटाळा होता. “तुमचा नंबर काही हलत नाही.”

खडूची चौकट समोर होती. तिची एक बाजू आत्ताच आखलेली, ठळक.

“हलतो, वहिनी.”

“काय?”

“हलतो म्हणे. दोन दिवसांचं काम आहे. मी माझ्या घरी नेईन. दादाने चौकशी केली कंपनीत.”

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला.

“यांनी? कधी केली?”

पलंगावरचा श्वास थांबला.

“आज,” धाकटी म्हणाली. “आजच केली त्याने.”

“मला काही बोलले नाहीत.”

“घरी आला की सांगेल. तुम्ही त्या बाईंना कळवून टाका. पुढच्या महिन्यात या म्हणावं, आणि दांडा आहे तसाच राहील, हेही सांगा.”

फोन ठेवून तिने तो पालथा केला. भिंतीकडे तोंड केलेला दादा हलला नाही. बऱ्याच वेळाने त्याने एकदा मोठा श्वास सोडला आणि मग हळूहळू त्याचा श्वास वेडावाकडा, खरोखरच्या झोपेचा होत गेला.

बाहेर ऊन उतरलं होतं आणि खोलीत अंधारून आलं होतं. स्क्रीनचा उजेड सरळ उशीवर, दादाच्या मानेवर पडत होता. धाकटीने सवयीने ओढणी शोधली, पण ओढणी आता इथे नव्हती. मग तिने दोन्ही हातांनी डबी चौकटीबाहेर सरकवली आणि मोकळ्या झालेल्या कोपऱ्याकडे स्क्रीन वळवली. डबीवरचा दिवा हिरवाच राहिला.